पुसून जोडलेल्या कात्र्या

कंपनी परत येतेय हे सांगायला कंपनीची दोन माणसं आमच्या घरी आली, तेव्हा बाबा न्हाणीघरातला गळका नळ काढून बसले होते. आईने आत डोकावून सांगितलं, "अहो, कंपनीचे लोक आलेत." बाबांनी विचारलं, "कोणत्या?" आणि वायसर बसवत राहिले. कोणत्या ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरात कंपनी म्हटलं की एकच.

पाहुणे बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस मिनिटं ताटकळले. त्यातला एक नुसता मान डोलवायला आणलेला असावा. दुसरा तरुण, चकचकीत बुटांचा. मांडीवर लॅपटॉप उघडून तो आमच्या भिंतीकडे बघत होता, चित्रं दाखवायला मोकळी जागा शोधत. पुढे कारखान्यातही त्याने पडद्यावर चित्रं दाखवल्याशिवाय कधी तोंड उघडलं नाही. म्हणून सगळे त्याला पडदेवाले साहेब म्हणायला लागले. आमच्या भिंतीवर कपाट होतं, त्यामुळे त्या दिवशी त्याला नुसतंच बोलावं लागलं आणि त्याची फार पंचाईत झाली.

"आता आपण मूळ घरी परततोय," तो म्हणाला. "लोकांना आपल्या मातीत बनलेली कात्री हवी आहे."

"कात्रीत माती कशाला?" आई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

बाबा हात पुसत बाहेर आले. त्यांनी एकच विचारलं. "पाती कुठे बनणार?"

"सुरुवातीला काही भाग बाहेरून येतील. मग टप्प्याटप्प्याने."

"काही म्हणजे कोणते?"

"ते बारकावे नंतर बघू. आधी तुमच्यासारखी अनुभवी माणसं आम्हाला हवी आहेत."

माझे बाबा कात्र्या बसवायचे. हे नीट सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं कात्री म्हणजे दोन पाती आणि एक स्क्रू. कंपनीच्या साहेबांनाही तसंच वाटायचं. कात्रीची पाती सरळ नसतात. प्रत्येकाला बाक असतो, इतका बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. कात्री मिटताना दोन्ही पाती एका वेळी एकाच ठिकाणी टेकली पाहिजेत, आणि ते ठिकाण स्क्रूपासून टोकापर्यंत सरकत गेलं पाहिजे. तो बाक हातानेच द्यावा लागतो. लहान ऐरण, लहान हातोडी, चार-पाच हलके घाव, मग उजेडाकडे बघायचं, मग आणखी एक घाव. एक पातं दुसऱ्याच्या अंदाजाने बसवलेलं असतं. त्यांची जोडी ठरली की ठरली. त्यातल्या एकाला भलतंच पातं लावलं तर कात्री मिटते, दिसते छान, पण कापत नाही. कापड चावते.

हे काम बाबांनी चोवीस वर्षं केलं. कात्री मिटल्याचा आवाज ऐकून ते सांगायचे, टोकाला ढिली आहे की मधे. मी कापडबाजारात शिंप्यांसाठी कटिंग करते, दिवसाचे सात-आठ तास कात्री माझ्या हातात असते, आणि मला तो फरक अजून ऐकू येत नाही.

वीस वर्षांपूर्वी कंपनीने कारखाना परदेशी हलवला. त्याआधी सात महिने बाबांना तिकडे पाठवलं. पत्रावर 'तंत्रसहकार्य' असं लिहिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या लक्षात आलं की आपण आपल्याच जागी बसणाऱ्यांना शिकवतोय. त्यांनी तसं फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग अर्धवट शिकवा." बाबा म्हणाले, "अर्धवट कसं शिकवतात ते मला येत नाही."

तिथे त्यांच्याकडे अकरा जण होते. दहा जण बरे. अकरावी एक मुलगी, डावखुरी. बाबा तिला डावरी म्हणायचे आणि तीही त्या हाकेला ओ देऊ लागली. पहिला महिनाभर बाबांनी तिला उजव्या हाताने हातोडी धरायला लावली. एकदा ते चहा प्यायला गेले असताना तिने डाव्या हाताने सहा कात्र्या बसवून ठेवल्या. बाबांनी एकेक मिटून ऐकली. मग तिची ऐरण उचलली आणि तिच्या डाव्या बाजूला ठेवली.

ते परतले तोवर त्यांचं सामान पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून गेटवरच्या पहारेकऱ्याकडे ठेवलेलं होतं. निरोपाच्या सभेत तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले की जग आता एक गाव झालं आहे. बाबांना त्या भाषणातलं एवढंच आठवतं की खुर्च्या भाड्याच्या होत्या, कारण कंपनीच्या खुर्च्या आदल्या आठवड्यातच विकून टाकल्या होत्या. त्यानंतर बाबांनी कापडबाजाराच्या तोंडाशी धार लावायचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक चाक, एक स्टूल आणि वर पत्रा. मी लग्नानंतर त्याच बाजारात काम धरलं, त्यामुळे दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो.

आणि आता हे लोक आले होते. बाबा नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घ्यायला माहेरी गेले तर ते शर्टाला स्वतः इस्त्री करत होते, कॉलर दोन्हीकडून. मला त्या शर्टाचीच चीड आली. ज्यांनी सामान गेटवर ठेवलं त्यांच्या दारात कडक इस्त्रीने जायचं. मी आईला म्हटलं, "तू काही बोलत का नाहीस?"

"गेले नाहीत तर रोज संध्याकाळी त्या गेटवरून चक्कर मारतील," आई म्हणाली. "त्यापेक्षा आत जाऊन बघून येऊ देत."

कारखान्याची शेड तीच होती, रंग नवा. जिथे भट्टी होती तिथे आता स्वागतकक्ष होता, त्यात प्लास्टिकची झाडं आणि भिंतीभर एक जुना फोटो. फोटोत बाबा दुसऱ्या रांगेत उभे. खाली लिहिलं होतं, 'आमची परंपरा'. कंपनीचं चिन्ह बसावं म्हणून डावीकडची चार माणसं कापून टाकली होती. बाबांना त्या चौघांची नावं पाठ होती. त्यांनी ती पडदेवाल्या साहेबाला सांगितली. तो म्हणाला, "वा," आणि त्यांना एप्रन दिला. एप्रनवर भरतकामात लिहिलेलं, 'वारसा कारागीर'. मी तो घरी हातात घेऊन पाहिला. खिशाची नुसती शिवण होती, आत बोटही जात नव्हतं.

बाबांच्या हाताखाली चौदा नवी माणसं दिली. त्यांना तीन आठवड्यांत तयार करायचं होतं. त्यात आधी शाळेची व्हॅन चालवणारी एक बाई होती. तिला सगळे व्हॅनवाली म्हणत, आणि कारखान्यातलं पुष्कळसं मला तिच्याकडूनच कळलं. बाबांनी चौदा ऐरणी मागितल्या. साहेब म्हणाला, ऐरणी दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या टप्प्यात प्रत्येकाला स्क्रू पिळायचं विजेचं यंत्र मिळालं.

मग जोडणीच्या टेबलांवर खोकी आली. काही खोक्यांत फक्त उजवी पाती, काहींत फक्त डावी. पुसून लख्ख केलेली. माणसांनी एका खोक्यातून एक उचलायचं, दुसऱ्यातून एक, यंत्राने स्क्रू पिळायचा, झाली कात्री. पहिल्या दिवशी तीनशे झाल्या. बाबांनी ओल्या फडक्याची घडी घेतली आणि एकेकीने कापून पाहिली. नऊ कापल्या. बाकीच्यांनी फडकं चावलं.

"हळूहळू टक्केवारी सुधारेल," पडदेवाला साहेब म्हणाला.

बाबांनी एक पातं उजेडाकडे धरलं. आतल्या अंगाला, स्क्रूच्या भोकाजवळ, चार घाव होते आणि पाचवा किंचित हलका. घाव उलट्या बाजूने तिरके पडलेले. त्यांनी दुसरं पातं घेतलं, तिसरं घेतलं. सगळी नव्हती, पण खोक्यातली निम्मी तरी तशीच.

त्या संध्याकाळी मी माहेरीच होते; ते घरी आले आणि बूट काढायच्या आधी म्हणाले, "डावरी अजून कामावर आहे."

घाव बघून आणि कारखान्यात विचारून कळलेलं मग त्यांनी सांगितलं. पाती तिकडेच बनतात. तिकडेच बसवतात, जोडतात, पारखतात. नंतर स्क्रू काढून टाकतात आणि सुटी करून इकडे पाठवतात. शेवटची जोडणी इथे झाली की माल इथला, असा नियम. त्या नियमावर कंपनीला सरकारकडून जमीनही मिळाली होती आणि बरंच काही. तिकडच्या माणसांनी घडवलेली चांगली कात्री मोडायची आणि इकडच्या माणसांच्या हातून बिघडवून घ्यायची, याला हे लोक परत येणं म्हणत होते.

"मग उद्या जाऊ नका," मी म्हटलं.

बाबा बूट काढून हात धुवायला आत गेले. कारखान्याचं उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं.

त्या आठ दिवसांत त्यांनी जे केलं ते मला अजून पटलेलं नाही. समारंभाला चाळीस पाहुणे येणार होते आणि प्रत्येकाला मखमली पेटीतून एक कात्री भेट द्यायची होती. साहेब बाबांकडे आला, गोड गोड बोलला. बाबांनी घरून स्वतःची हातोडी नेली, एका लाकडी ठोकळ्यावर लोखंडाची पट्टी ठोकून ऐरण केली आणि चाळीस कात्र्या बसवल्या. त्या अशा कापत होत्या की एका पाहुण्याने तिथल्या तिथे स्वतःच्या निमंत्रणाच्या बारीक बारीक पट्ट्या करून दाखवल्या. टाळ्या पडल्या. भाषणात साहेब म्हणाला की आपल्या हातांची जादू परतली आहे. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, खोट्या खिशाचा एप्रन घालून.

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, आणि नको ते बोलले. म्हटलं, "तुमच्यामुळे त्यांचं खोटं खपलं. त्यांना दोष काय देता? कात्री तुम्ही बसवलीत."

बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "न कापणारी कात्री मला हातातून सोडवत नाही. तू याला गुण समजत असशील. ती खोड आहे. त्यांनी ती ओळखली आणि म्हणून घरी आले." मग थोड्या वेळाने, "मलाही माझीच लाज वाटली. पण बसवताना नाही, टाळ्या पडल्या तेव्हा."

उद्घाटनानंतर माल दुकानांत गेला आणि महिन्याभरात परत यायला लागला. साहेबाने तिकडच्या कारखान्याशी बोलायचं ठरवलं. त्याच्या मते दोष तिकडच्यांचा होता, ते जोड्यांवर खूण करत नाहीत म्हणून. बाबांनी कामातलं बोलावं म्हणून त्यांनाही बसवलं. टिपून घ्यायला व्हॅनवालीही त्यांच्यासोबत वही घेऊन बसली. मोठ्या पडद्यावर तिकडची खोली दिसली. मधे दुभाषा. आणि टेबलापलीकडे डावरी. कानशिलावरचे केस पांढरे झालेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आता ती तिथली मुख्य होती. बाबांना पाहून ती उठून उभी राहिली आणि आमच्या भाषेतला तिला येणारा एकुलता एक शब्द म्हणाली, "पुन्हा." शिकवताना बाबा दिवसातून शंभरदा तेवढंच म्हणायचे. बाबा हसले. व्हॅनवाली म्हणाली, त्यांना हसताना तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

साहेबाने घसा खाकरला. "मुद्द्यावर येऊ या. त्यांना सांगा, जोड्यांवर क्रमांक घाला."

दुभाष्याने सांगितलं. डावरीच्या कपाळाला आठी पडली. तिने बाजूच्या खोक्यातून एक पातं उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. आतल्या अंगाला शाईने क्रमांक होता, त्यांच्या लिपीतला. दुसरं दाखवलं, तोच क्रमांक.

"त्या म्हणतायत, प्रत्येक जोडीवर आम्ही पहिल्या दिवसापासून क्रमांक घालतो," दुभाषा म्हणाला. "त्या विचारतायत, तुमच्याकडे तो पुसतं कोण?"

साहेबाने समोरचे कागद सारखे केले. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना शेडच्या त्या टोकाचं टेबल आठवलं. तिथे तीन मुली दिवसभर स्पिरिटच्या फडक्याने पाती पुसत बसायच्या. बाबांना वाटलं होतं, प्रवासातलं तेल काढतात.

डावरी आणखी काही म्हणाली. ही शेवटून दुसरी खेप आहे, महिनाअखेरीला आमचा कारखाना बंद होतोय, तुमच्याकडे नव्या माणसांना कोण शिकवतंय, असं तिने विचारलं. साहेबाने घड्याळ पाहिलं आणि वेळ संपली म्हणून सांगितलं. पडदा बंद झाला तेव्हा ती अजून बाबांच्या उत्तराची वाट बघत होती.

बाबा तिथून थेट पुसायच्या टेबलाशी गेले. त्या मुलींना विचारलं, "हे पुसायला कुणी सांगितलं?"

"साहेबांनीच. म्हणाले, परक्या अक्षराची एकही खूण दिसता कामा नये. ती कसली आहे ते त्यांनी पाहिलंही नाही."

तोवर साहेबही मागोमाग आला होता. बाबा त्याला शांतपणे म्हणाले, "आधी जोडू द्या, मग पुसा. दुसरं काही बदलायला नको. सगळ्या कात्र्या कापतील."

"ते जमणार नाही. जोडणीच्या टेबलांवर पाहुणे येतात, फोटो निघतात. एखाद्या फोटोत ते आकडे आले तर सगळ्यावर पाणी फिरेल."

"मग कात्री कापली नाही तरी चालेल?"

साहेबाने आवाज खाली आणला, जणू आपल्या माणसाला आतली गोष्ट सांगतोय. "हे बघा काका, बहुतेक लोक घरात कात्री ठेवतात ती पाकिटं फोडायला. त्यांना कळतसुद्धा नाही. ज्यांना कळतं ते परत पाठवतात, आपण दुसरी देतो."

बाबांनी आयुष्यात कुणाला शिवी दिलेली नाही. त्या दिवशीही दिली नाही. ते म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे शिकायला आला असतात, तर मी तुम्हाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. हात वाईट आहे म्हणून नाही. वाईट हात सुधारतो. तुम्हाला कळतंय आणि तरी चालतंय, म्हणून."

त्यांनी एप्रन काढला, घडी घातली आणि पुसायच्या टेबलावर ठेवला. त्यातल्या एका मुलीने तो सवयीने उचलून बाजूच्या फडक्यांच्या ढिगात टाकला. बाबा स्वागतकक्षातून, त्या फोटोसमोरून बाहेर पडले आणि चालत बाजारात आले. मी कटिंगच्या टेबलाशी होते. ते चाकाजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "डबा उरलाय का?" मी माझ्यातली अर्धी पोळी दिली. मी माफी मागायला हवी होती, पण मला ती मागता आली नाही. आमच्या घरात ते काम भाजी वाढून होतं.

कंपनीने नंतर काय केलं ते सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं तर खोटं वाटेल. परत येणाऱ्या मालाची चौकशी झाली आणि ग्राहकांना कात्री धरता येत नाही असा निष्कर्ष निघाला. मग प्रत्येक पेटीत 'कात्री कशी धरावी' असं चित्रांचं पत्रक घालायला लागले. सतरा महिन्यांनी सरकारची मदत संपली, त्या महिन्यातच शेडचं गोदाम झालं. आता कात्र्या तिसऱ्याच कुठल्या देशातून तयार येतात आणि इथे फक्त पेट्यांत भरतात. पेटीवर आपलं नाव आणि आपली माती. चौदा जणांपैकी चौघं पेट्या घडी करायला राहिली. पडदेवाला साहेब बढतीवर गेला. कारखाने परत कसे आणावेत यावर तो आता व्याख्यानं देतो. माझ्या नवऱ्याने एकदा मोबाईलवर दाखवलं. मागे पडदा होता आणि पडद्यावर ते चाळीस पाहुणे टाळ्या वाजवत होते.

डावरीचा कारखाना ठरल्या दिवशी बंद झाला; त्यानंतरची पाती दुसऱ्या ठिकाणाहून आली. दुभाष्याकडून व्हॅनवालीने तिचा पत्ता मिळवला होता. बाबांनी तिला पत्र धाडलं, शब्द थोडे, चित्रं जास्त. तिने पडद्यावर विचारलेल्याचं उत्तर राहिलं होतं; आता तिथे शिकवणारं कुणी नाही, एवढं तरी तिला कळायला हवं, असं ते म्हणाले. तीन महिन्यांनी तिचं उत्तर आलं. तिने चार जणांना घेऊन एका गॅरेजात काम सुरू केलंय. सोबत माझ्यासाठी एक कटिंगची कात्री होती. बाबांनी ती मिटून ऐकली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. स्क्रू थोडा घट्ट आहे, म्हणाले. मग बराच वेळ ती त्यांच्या मांडीवरच होती.

व्हॅनवालीने कारखाना सोडला आणि तिने बाबांच्या दुकानात दुसरी ऐरण टाकली. पहिल्या वर्षी तिने बसवलेली एकही कात्री बाबांनी गिऱ्हाइकाला दिली नाही. आता देतात. बाजारातले शिंपी आणि आसपासच्या शाळा कंपनीच्या फारशा न वापरलेल्या कात्र्या घेऊन येतात, कापत नाहीत म्हणून. त्यातल्या पुष्कळ अजून त्या पहिल्या, डावरीकडच्या खेपांतल्या असतात. वीस-पंचवीस साठल्या की बाबा सगळ्यांचे स्क्रू काढून पाती फडक्यावर मांडतात. क्रमांक पुसले गेले तरी घाव पुसले जात नाहीत. ते आणि व्हॅनवाली चष्मे लावून जोड्या शोधत बसतात. क्वचित सापडते. मागच्या आठवड्यात एक पातं कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या कात्रीत निघालं आणि त्याचं खरं जोडीदार पातं मुलींच्या शाळेतून आलेल्या कात्रीत. बाबांनी दोन्ही जुळवून स्क्रू लावला आणि ती शिंप्याला दिली, कारण त्याला रोज लागते. शाळेच्या कात्रीतल्या उरलेल्या पात्याला शिंप्याकडचं उरलेलं पातं ठोकून बसवायला व्हॅनवालीला दुपारचे चार वाजले.